मत कुणाचं, भाऊबीज कुणाची

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मूळचा कराडजवळच्या एका गावचा. 2003 मध्ये इंजिनीअर म्हणून इंग्लंडला आलो, 2010 मध्ये इथलं नागरिकत्व घेतलं. सध्या स्लाउला राहतो, विमानतळाजवळच्या एका गोदामाची शिफ्ट सांभाळतो. 23 जून 2016 ला युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं यावर इथे सार्वमत झालं. मी ‘बाहेर’ला मत दिलं, बायकोने ‘राहा’ला. घरात तेव्हा फार काही झालं नाही. लेक अकरा वर्षांची होती.

आता ती वीसची आहे, लीड्सला शेवटच्या वर्षात शिकते. पुढे तिला नेदरलँड्सला मास्टर्स करायचंय. माझे साडू आइंडहोवनला असतात, आता ते तिकडचे नागरिक आहेत. दीड दिवसाच्या गणपतीला ते दरवर्षी सहकुटुंब आमच्याकडे येतात. यंदा जेवणं झाल्यावर फीचा विषय निघाला. साडू म्हणाले, “माझ्या मुलाला वर्षाला अडीच हजार युरोच्या आसपास पडतं, तुझ्या लेकीला त्याच्या कितीतरी पट पडणार. आभार मानायचे तर समोरच बसलेत.” मी भडकलो. हापूसवर बंदी कुणी घातली होती, करोनाची लस आधी कुणाला मिळाली, सगळं काढलं. दोन तास चाललं. शेवटी लेक म्हणाली, “बाबा, तुम्ही आत आलात आणि दार लावून घेतलंत. मी आत आहे की बाहेर, तेसुद्धा बघितलं नाहीत.” वर मला ‘ब्राउन गॅमन’ म्हणाली.

तेव्हापासून ती माझा फोन घेत नाही. दिवाळीला येणार नाही असं तिने आईला कळवलंय. साडूंनी घरचा ग्रुप सोडला. बायको म्हणते, तुमचं तुम्ही बघा.

ताई, ‘बाहेर’वाल्यांच्या प्रचाराच्या त्या लाल बसवर काय लिहिलं होतं ते वाचून मी मत दिलं नव्हतं. वडील गेल्यावर आई गावी एकटी होती. 2014 मध्ये तिला इकडे आणायचा अर्ज केला, नकार आला. ते पत्र अजून फाइलमध्ये आहे. त्याच वर्षी माझ्या शिफ्टमधल्या लिथुआनियाच्या माणसाने आपल्या आईला आणून ठेवलं. मी या देशाचा नागरिक, तो नव्हे. तो राग होता. आई 2018 मध्ये गेली, मला पोचायला दीड दिवस लागला. लेकीला यातलं काही सांगितलेलं नाही. मुलांपुढे काय रडगाणं गायचं?

माझा प्रश्न साधा आहे. मी लेकीची माफी मागायची का, आणि मागायची तर कशाची? 1 कोटी 74 लाख लोकांनी तेच मत दिलं. ते सगळे काय आपापल्या पोरांच्या पाया पडले?

— क. पां., स्लाउ

प्रिय क. पां.,

मत दिल्याबद्दल माफी मागू नका. लेकीने ती मागितलेलीही नाही. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात तिच्या तोंडची दोन वाक्यं आहेत आणि एक शिवी. त्या वाक्यांत आरोप आहे, आणि आरोपाला उत्तर द्यायचं असतं. ते उत्तर अकरा वर्षं तुमच्या फाइलमध्ये पडून आहे आणि तुम्ही दोन तास आंब्यांवर बोललात.

तर आधी आंबे उरकू. युरोपीय संघाने 1 मे 2014 पासून आपल्या आंब्यावर बंदी घातली, हे खरं. मालात फळमाशी सापडत होती. आंब्याबरोबर अळू, कारली, वांगी आणि पडवळ यांनाही बंदी होती, पण अळूवडीसाठी इंग्लंडात कुणी गळा काढल्याचं माझ्या कानावर नाही. आपल्याकडची तपासणी सुधारली आणि 2015 च्या जानेवारीत, पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत, आंब्यावरची बंदी उठवायचं ठरलं. म्हणजे तुम्ही मत द्यायला गेलात तेव्हा हापूस पुन्हा दुकानात येऊन वर्ष उलटलं होतं. लशीची गोष्टही तशीच. 2 डिसेंबर 2020 ला ब्रिटनने युरोपातल्या बाकी देशांच्या आधी फायझरच्या लशीला परवानगी दिली खरी, पण तेव्हा बाहेर पडल्यानंतरचा संक्रमणकाळ चालू होता, युरोपचेच नियम लागू होते आणि आणीबाणीत आपल्यापुरती परवानगी द्यायची मुभा त्या नियमांतच होती.

साडूही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. ‘ब्रिटन बुडाला’ असं आइंडहोवनात बसून म्हणणं सोपं आहे. ब्रिटनमधल्या सरकारी खर्चाचे अंदाज बांधणारी जी स्वतंत्र संस्था आहे, ती असं धरून चालते की संघात राहिलं असतं तर देशाची उत्पादकता जितकी असती, त्यापेक्षा दीर्घकाळात 4 टक्के कमी राहील. हे थोडं नाही, पण बुडणंही नव्हे. पगार येतोय, खर्च तोच आहे आणि तरी महिनाअखेर हात आखडतो, असं काहीसं. शिवाय 2025 च्या 24 जुलैला भारताशी जो व्यापार करार झाला, तसा संघात असताना ब्रिटनला एकट्याने करता आला नसता. घ्या, हा मुद्दा तुमच्या पदरात. आता सांगा, त्याने लेक फोन उचलणार आहे का?

माझं माहेर पेडण्याचं. गोव्याचा ‘ओपिनियन पोल’ तुम्हाला शाळेच्या पुस्तकातल्या एखाद्या ओळीपुरता आठवत असेल. गोवा 1961 च्या डिसेंबरात मुक्त झाला. पाच वर्षांनी, 16 जानेवारी 1967 ला, गोवेकरांना विचारलं गेलं की महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित म्हणून वेगळं राहायचं. मतपत्रिकेवर विलीनीकरणाला फूल होतं आणि वेगळं राहायला दोन पानं. मी आठ वर्षांची होते. आमच्या घरात फूल. वडील मराठी शाळेत मास्तर आणि विलीनीकरणवाल्या भाऊसाहेब बांदोडकरांचे भक्त. मामा मडगावचा, दोन पानांचा, ‘राष्ट्रमत’ वाचणारा. मराठीतून निघणारं वर्तमानपत्र विलीनीकरणाविरुद्ध लिहितं, याचा वडिलांना जास्तच संताप. दोघं एकमेकांना पत्रं लिहीत तीही मराठीतच. त्यातली काही माझ्याकडे आहेत. अक्षर सुरेख आहे, मजकूर वाचवत नाही.

दोन पानं जिंकली. 1,72,191 विरुद्ध 1,38,170. मामा मडगावात मिरवणुकीत नाचला, असं कुणीतरी मुद्दाम पेडण्याला येऊन सांगितलं. त्या दिवाळीत मामा भाऊबिजेला आला नाही. पुढच्या दिवाळीतही नाही. सात वर्षं आला नाही. आई दरवर्षी ताट करायची, वाट बघायची आणि अंधार पडला की चंद्राला ओवाळायची. एकदा वडील म्हणाले, लोकशाही आहे, मतभेद व्हायचेच. आई निरांजन विझवत म्हणाली, “मत तुमचं आणि त्याचं. भाऊबीज माझी गेली.”

आणि गंमत पाहा. ज्या गोव्याने जानेवारीत विलीनीकरण नाकारलं, त्याच गोव्याने मार्चच्या निवडणुकीत विलीनीकरणवाल्या महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाला पुन्हा निवडून दिलं. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. वडिलांना हे कोडं कधी सुटलं नाही आणि मामालाही नाही. त्यांच्या लेखी माणसं दोनच जातींची होती, फुलवाली आणि पानवाली. पण मत देणाऱ्याच्या मनात त्यापलीकडेही पुष्कळ काही असतं. कुळांची जमीन असते, पोराची शाळा असते, भाटकाराबद्दलची, म्हणजे जमीनदाराबद्दलची, जुनी अढी असते. मतपत्रिका त्यातलं काही विचारत नाही.

गोवा म्हणजे ब्रिटन नव्हे, हे मला कळतं. पण तुमच्या मतपत्रिकेवरच्या त्या चौकोनातही किती प्रकारची माणसं उभी होती, आठवून बघा. टाटांचा पोलाद कारखाना ज्या पोर्ट टॅलबोटमध्ये आहे, त्या भागानेही ‘बाहेर’लाच मत दिलं. लिंकनशरमधल्या बॉस्टनच्या आसपास पूर्व युरोपातले लोक शेतात राबायला आले होते, तिथे चारातल्या तिघांनी ‘बाहेर’ म्हटलं. करी हाउसवाल्यांना ‘बाहेर’वाल्या मंत्री प्रीती पटेल सांगत होत्या की युरोपचा लोंढा थांबला की उपखंडातून आचारी आणणं सोपं होईल. एकाला परकी माणसं कमी हवी होती, दुसऱ्याला आपली माणसं जास्त हवी होती, आणि दोघांची फुली एकाच चौकोनात पडली. पुढे त्या फुलीचं काय करायचं, हे संसदेलाही उमगेना. पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार 15 जानेवारी 2019 ला 230 मतांनी पडला, मग मार्चमध्ये आणखी दोनदा पडला. शेवटी 31 जानेवारी 2020 ला देश बाहेर पडला. त्यानंतर 2023 च्या मध्यापर्यंतच्या एका वर्षात निव्वळ स्थलांतर 9 लाखांच्या वर गेलं आणि येणाऱ्यांत भारतीय सगळ्यांत पुढे होते. बॉस्टनच्या शेजाऱ्याला हे कसं वाटलं असेल, कल्पना करा.

तेव्हा लेकीला तुमचं मत फक्त फुलीएवढं दिसतं, याचा राग धरू नका. तुम्ही तिला तेवढंच दाखवलंत. उरलेलं तिने आपल्या मनाने भरलं. दादरला लोंबकळत आत शिरायचं आणि शिरल्याबरोबर दारातून ओरडायचं, “जागा नाही, मागची पकडा!” तसले बाबा तिने मनात तयार केले. तुम्ही ते नाही, हे मी तुमचं पत्र वाचून सांगू शकते. तिने कशावरून सांगावं?

त्या शिवीबद्दल दोन शब्द. गॅमन म्हणजे खारवलेल्या डुकराची तंगडी. ‘बाहेर’वाल्या लालबुंद चेहऱ्याच्या गोऱ्या म्हाताऱ्यांना तिकडची तरुण मंडळी तसं म्हणतात. आपल्या सावळ्या बापाला चिकटवायला तिने पुढे ‘ब्राउन’ लावलं. कराडकडच्या माणसाला भरल्या गणपतीत हे ऐकावं लागलं, त्याचं मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर थोडं हसूही आलं. शिवीबद्दल ती माफी मागेल तेव्हा मागेल, तुम्ही तो विषय काढू नका.

आता अवघड भाग. यातला एक तुकडा तुम्हाला सांगावा की नाही, यावर मी दोन दिवस घालवले.

तुमचा राग खरा आहे, पण तुम्ही तो चुकीच्या पत्त्यावर पाठवलात. परदेशातल्या म्हाताऱ्या आईवडिलांना आणून ठेवण्याचा नियम 2012 च्या जुलैमध्ये ब्रिटनच्या सरकारने स्वतः आवळला. थेरेसा मे तेव्हा गृहमंत्री होत्या. अंघोळ, कपडे, स्वयंपाक अशा रोजच्या गोष्टींना आईला कायम दुसऱ्याचा हात लागतो आणि तो हात तिच्या देशात पैसे मोजूनही मिळत नाही, असं सिद्ध करायचं. कराडात पैसे देऊन बाई मिळत नाही, हे कोण सिद्ध करणार? तुम्हाला नकार आला तो याच कात्रीत आला असणार. ब्रसेल्सचा, म्हणजे युरोपीय संघाचा, त्यात हात नव्हता. उलट तुमच्या लिथुआनियाच्या सहकाऱ्याची आई आली ती युरोपच्या कायद्याने. म्हणजे दोन दारं होती. एक लंडनने बंद केलेलं, दुसरं ब्रसेल्सने उघडं ठेवलेलं. तुम्ही उघड्या दाराला लाथ मारलीत. तेही बंद झालं आणि पहिलं काही उघडलं नाही. आईवडिलांचा तो नियम आजही तसाच आहे. नवरा किंवा बायको आणायला त्याच जुलैमध्ये वर्षाला 18,600 पौंड कमाईची अट घातली होती, ती 2024 च्या एप्रिलमध्ये 29,000 झाली.

आणि तो तुकडा हा. 1992 मध्ये युरोपच्या न्यायालयाने सुरिंदर सिंग नावाच्या एका भारतीय माणसाच्या खटल्यात निकाल दिला. ब्रिटिश नागरिक संघातल्या दुसऱ्या देशात खरोखर नोकरी करून राहिला आणि मग परतला, तर त्याच्या कुटुंबाला युरोपचा कायदा लागू होतो, ब्रिटनचा नाही. तिकडचे वकील याला ‘सुरिंदर सिंगचा रस्ता’ म्हणायचे. अवलंबून असलेली आईही त्यात बसू शकायची. अटी होत्या, सोपं नव्हतं, नोकरी सोडून वर्ष-दीड वर्ष तिकडे बिऱ्हाड करावं लागलं असतं. पण आइंडहोवनला तुमचे साडू होते. तुमच्या आईला इंग्लंडात आणायची जी एक फट उरली होती, ती युरोपच्या बाजूने होती.

हे वाचून तुम्हाला लागेल. लागावं म्हणून लिहिलेलं नाही. पुढच्या वेळी वाद निघाला की साडू किंवा लेक किंवा आणखी कुणी हे तुमच्या तोंडावर फेकेल, त्याआधी ते माझ्याकडून कळलेलं बरं. आणि एक लक्षात घ्या, 2014 मध्ये हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, हा तुमचा गुन्हा नाही. आईचं नाकारलेलं पत्र हातात असलेला माणूस युरोपच्या न्यायालयाचे निकाल चाळत बसत नाही.

स्विंडनला माझ्या मावसभावाचा मुलगा असतो. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. तसा तो पोर्तुगीज पासपोर्टावर तिकडे गेला. सार्वमताच्या वेळी त्याला मत नव्हतं. कॉमनवेल्थमधून आलेल्यांना होतं. म्हणजे दिल्लीहून सहा महिन्यांपूर्वी आलेला भारतीय मत देऊ शकत होता आणि सात वर्षं तिथे कर भरणारा आमचा पोर्तुगीज गोवेकर नाही. स्विंडननेही ‘बाहेर’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी कामावर त्याच्या खांद्यावर हात ठेवून एक जण म्हणाला, “ते तुझ्याबद्दल नव्हतं रे.” पुढे 30 जून 2021 च्या आत राहण्याचा हक्क मागायचा अर्ज भरायचा होता, तेव्हा त्याने मला फोन केला. म्हणाला, “आत्ये, माझ्याबद्दल नव्हतं तर फॉर्म मी का भरतोय?”

हे सांगायचं कारण, तुम्ही लेकीशी बोलायला बसाल तेव्हा तुमच्याही ओठांवर हेच वाक्य येईल. “ते तुझ्याबद्दल नव्हतं गं.” ते गिळा. तिच्याबद्दल नव्हतं, हीच तर तिची तक्रार आहे. ‘मी आत आहे की बाहेर, तेसुद्धा बघितलं नाहीत’, हे तिचं दुसरं वाक्य तुम्ही लिहिलंत आणि त्यावरून पुढे गेलात. मी तिथेच थांबले. सत्तावीस देशांत जाऊन राहण्याचा, शिकण्याचा, नोकरी करण्याचा हक्क तिला लहानपणापासून होता. वापरायच्या वयाची होण्याआधीच तो गेला. आता तिच्या पासपोर्टावर दर 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं, म्हणजे पर्यटक म्हणून. त्या वेळच्या पाहण्यांत 18 ते 24 वयाच्या दहातल्या सातांनी ‘राहा’ला मत दिल्याचं दिसलं होतं. ती अकराची, तिला तेही नव्हतं. तुमच्या पत्रात आई आहे, लिथुआनियाचा माणूस आहे, त्याची आईसुद्धा आहे. मत देताना अकरा वर्षांची मुलगी डोळ्यासमोर आली होती, असं मात्र कुठे दिसत नाही.

तेव्हा माफी कशाची, याचं उत्तर: एवढ्याची. “त्या दिवशी मी तुझा विचार केला नाही.” हे एक वाक्य, त्यापुढे ‘पण’ न लावता. ‘पण’ लावलात तर आंब्यांपर्यंत परत जाल.

आणि आईची गोष्ट सांगा. रडगाणं होईल ही भीती मला कळते, कारण आमच्या वडिलांनाही तीच होती. मामा परत आला तो 1974 मध्ये, माझ्या भावाच्या मुंजीला, न बोलावता, पहाटेच्या गाडीने. वडिलांनी काही न बोलता पाट मांडला. त्यानंतर दोघं मरेपर्यंत त्या पोलबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. वयात असताना मला वाटायचं, किती मोठ्या मनाची माणसं. आता तसं वाटत नाही. दोघं गेल्यावर मामीने ट्रंकेतली पत्रं माझ्याकडे दिली, त्यात वडिलांचं एक होतं. त्यांची थोरली बहीण तेरेखोल नदीपलीकडे आरोंद्याला दिलेली. 1955 मध्ये सीमा बंद झाली. काठावर उभं राहिलं की पलीकडची झाडं दिसायची, पण मुक्तीपर्यंत त्यांना बहिणीकडे जाता आलं नाही. मामाला लिहिलं होतं, ‘ती रेघ मला नकाशावर कुठल्याच रंगाची नको.’ म्हणजे फूल त्यासाठी होतं. आम्ही मुलं पन्नास वर्षं समजत होतो की वडिलांना भाऊसाहेबांचं वेड. आईलाही ते माहीत होतं की नाही, विचारायला आता आई नाही.

लेकीला सांगाल तेव्हा एवढं सांभाळा की ती गोष्ट तुमची बाजू म्हणून सांगू नका. तुमच्या आईच्या मरणाने तिची फी भरून निघत नाही, आणि तिने तसं म्हटलं तर ते खरं असेल. रागावू नका. तिला आजी किती आठवते ते विचारा. बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीतली दोन-तीन वर्षं, एवढंच. आजी स्लाउला येणार होती, हे तिला माहीतच नाही.

फीबद्दल आत्ता बोलू नका, आणि कर्ज काढून भरतो वगैरे तर मुळीच नको, ती लाच वाटेल. बोलणं सुरळीत झालं की पुढे कधीतरी एवढं तिच्या कानावर घाला की नेदरलँड्सला ती विद्यार्थी व्हिसावर अजूनही जाऊ शकते, महाग पडेल एवढंच. आणि आयर्लंडला तर ब्रिटिश माणसाला शिकायला किंवा नोकरीला आजही व्हिसा लागत नाही. त्या दोन देशांचा आपसातला येण्याजाण्याचा समझोता युरोपीय संघाहून जुना आहे. डब्लिनमधूनही युरोपची माणसं भेटतात. ती म्हणेल, मला सगळं माहीत आहे बाबा. म्हणू द्या.

आता तुमची बायको. तिच्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, ‘तुमचं तुम्ही बघा.’ हे वाक्य मी आमच्या स्वयंपाकघरात सात वर्षं ऐकलंय. साडूंनी ग्रुप सोडला म्हणता. त्या घरातून तुमच्याकडे दरवर्षी गणपतीला कोण येतं? साडू आंब्यांवर भांडायला येत असतील, तुमची मेहुणी मात्र बहिणीकडे येते. परदेशात दोघी बहिणींना वर्षातून दीड दिवस एका ओट्यावर मोदक वळायला मिळतात, तेवढंही तुम्ही दोघांनी मिळून उधळलंत. ज्या बाईने 2016 मध्ये तुमच्या उलट मत दिलं आणि नऊ वर्षं त्यावरून तुम्हाला टोमणा मारला नाही, तिच्या वाट्याला हे यावं?

साडूंना तुम्ही फोन करा. मोठे कोण, धाकटे कोण, चूक कुणाची, हे राहू दे. पुढच्या वर्षी, म्हणजे 2026 मध्ये, चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे, सोमवार. विमानाची तिकिटं आत्तापासून स्वस्त मिळतील एवढंच बोला. त्यांनी ब्रेक्झिट काढलाच तर म्हणा, “तुम्ही म्हणता त्यात बरंच खरं आहे, मोदक किती वळायचे ते सांगा.” त्यांना काय बोलावं सुचणार नाही. मी पाहिलंय, वाद जिंकायला आलेल्या माणसाला पहिल्याच वाक्यात जिंकू दिलं की तो पाणी मागतो.

लेकीकडे मात्र फोन नको, मेसेज तर नकोच. दिवाळीच्या आधीचा शनिवार बघा. किंग्ज क्रॉसहून लीड्सला सव्वादोन तास लागतात. ती कुठे भेटेल हे तिच्या आईला विचारून ठेवा, दारात अचानक उभे राहू नका. फराळाचा डबा घ्या. चकली प्रवासात मोडते, शंकरपाळे जास्त द्या. आणि ती फाइल घ्या, लिफाफ्यासकट. आधी ते एक वाक्य बोला, मग पत्र तिच्या हातात द्या. इंग्रजी तिचं तुमच्यापेक्षा चांगलं आहे, समजावून सांगायची गरज नाही. ती वाचत असेल तोवर मध्ये बोलू नका.